उंबराच्या पाण्याला विरजण

मरोळच्या रोझारिओला कोणी रस्ता सांगितलेला खपत नसे. शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आणि ड्रायव्हरने वाट विचारायची म्हणजे आचाऱ्याने मीठ किती घालू विचारायचं, असं तो म्हणे. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की बैल परवडला.

छप्पन सालची गोष्ट. बेटी नावाच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो थोरल्या बहिणीला, पेट्रिशियाला मुलुंडहून घेऊन निघाला. संध्याकाळी उंबराचं पाणी होतं. वाजतगाजत विहिरीवर जायचं, कळशी भरायची आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ही मरोळच्या ख्रिस्ती लोकांची पिढीजात रीत. आईने मरताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं, बेटीला पाणी आपल्या जुन्या गावचं आणशील म्हणून. पटकीच्या साथीत उठलेलं ते गाव पवईपलीकडच्या रानात कुठेतरी होतं. पवई आली तसा त्याने ट्रक रानात घातला.

"विहीर कुठे ते तरी माहीत आहे का रे?" पेट्रिशियाने विचारलं.

"उंबराखाली. नाहीतर उंबराचं पाणी कशाला म्हणतील?"

"अरे, ते नुसतं नाव. आपल्या मरोळच्या विहिरीवर आंबा आहे, तरी उंबराचंच म्हणतो ना?"

पण ऐकेल तो रोझारिओ कसला. दिसेल त्या उंबराखाली तो उतरला. विहीर कुठेच नव्हती, मुंगळे मात्र भरपूर. शेवटी नाक मुठीत धरून त्याने गवत कापणाऱ्या शेवंती नावाच्या बाईला गावाची वाट विचारली.

"गावातच उभे आहात," ती म्हणाली. "दगड लोकांनी नेले. विहीर कधीच बुजली."

करवंदीच्या जाळीत पडक्या घरांची दोन-तीन जोती, बस्स. रोझारिओ मटकन खाली बसला. आईला दिलेला शब्द गेला म्हणून त्याला रडू आलं. याला ऊन लागलं असं वाटून शेवंतीने आपला तांब्या पुढे केला.

"पाणी कुठलं?"

"इथलंच. ओहोळातल्या झऱ्याचं."

त्याने ते तोंडाला लावलं नाही. बरोबर आणलेल्या कळशीत तेवढंच ओतून घेतलं आणि वाटभर कळशी पेट्रिशियाच्या मांडीवर ठेवली.

संध्याकाळी मरोळच्या विहिरीवर बायका जमल्या, तेव्हा पुढे होऊन त्याने ती कळशी विहिरीत उपडी केली.

"एवढ्याने विहीर जुन्या गावची होते काय?" पेट्रिशिया म्हणाली.

"हंडाभर दुधाला विरजण केवढं लागतं, बाय?"

पेट्रिशिया हसली. वाजंत्री सुरू झाली. तिने विहिरीतून भरलेली कळशी वर ओढली आणि आधी भावाला ओंजळ धरायला लावली. सकाळपासून तो पाणी प्यायलाच नव्हता.