वीस ग्रॅमच्या आत

पोस्टाचे दर वाढले की घरात कुणी आजारी पडल्यासारखा चेहरा करणारा माणूस सबंध पुण्यात एकच होता, आणि तो म्हणजे आमच्या हिचे थोरले मामा. हल्ली पत्र पाठवतो कोण? त्यामुळे दर वाढले काय अन् न वाढले काय, लोकांना पत्ताही नसतो. मामांना मात्र ही बातमी सगळ्यांच्या आधी लागायची. त्या दिवशी कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रेडिओ बंद, जेवायला नुसती खिचडी, आणि चार वाजता पायात चपला अडकवून स्वारी पोस्टात. खिडकीपाशी उभं राहून ते आतल्या बाईंना शांतपणे म्हणायचे, "वाढवलेत? वाढवा. आम्ही जाईपर्यंत थांबला असतात तरी चाललं असतं." बाई बिचाऱ्या म्हणायच्या, "अहो आजोबा, मी वाढवले का?" त्यावर मामा म्हणायचे, "ज्यांनी वाढवले ते खिडकीत बसत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगावं लागतं."

दर त्यांच्या हातात नव्हते, पण वजन होतं. वीस ग्रॅमच्या वर पत्र गेलं की तिकीट वाढतं, म्हणून मामांचं सगळं आयुष्य वीस ग्रॅमच्या आत चाललं होतं. कुठल्याशा सराफाचा एक जुना काटा त्यांनी पैदा केला होता. पत्र लिहून झालं की ते त्यावर तोललं जाई. जास्त भरलं तर मामा कात्री घेऊन समास कापायचे, तरी भरलं तर पाकिटाची टोकं. शेवटी शेवटी शाईला वजन असतं म्हणून ते पेन्सिलीवर आले. प्रत्येक दरवाढीला कागद पातळ झाला आणि अक्षर बारीक. एका पानात चार पानांचा मजकूर मावायला लागला. मायन्याचंही तसंच झालं. आम्ही हडपसरला राहायला गेलो तेव्हा आमच्या हिला 'अनेक उत्तम आशीर्वाद' येत, ते पुढच्या दरवाढीला 'अ. उ. आ.' झाले आणि त्याच्या पुढच्या वेळी नुसता 'आ.' उरला. ही चिडली. "मामा, आशीर्वादातसुद्धा काटकसर?" तर म्हणाले, "अगं, देताना मी पूर्ण देतो. फक्त लिहिताना आखडतो."

आम्ही त्यांना मोबाइल घेऊन दिला. पैसे न पडता बोलता येतं हेही पटवून दिलं. "फुकट बोललेलं कोण मनावर घेतो, जावईबापू?" एवढं बोलून त्यांनी तो कपाटात ठेवला. त्याच कपाटात जुन्या दराच्या आंतर्देशीय पत्रांचे गठ्ठे होते. दर वाढायच्या आधी घेऊन ठेवलेल्या या पत्रांवर मामा फरकाची तिकिटं लावायचे. मग ते पत्र ठिगळं लावलेल्या धोतरासारखं दिसायचं, पण हिशेबाला चोख असायचं. कमी तिकीट लावून पत्र टाकणारा आणि दंडाचा भुर्दंड घेणाऱ्यावर ढकलणारा माणूस हा त्यांच्या लेखी जगातला सर्वांत हलका माणूस. दारावरच्या पत्रपेटीवर त्यांनी स्क्रूने पाटीच ठोकली होती : 'नॉटपेड पत्रे घेतली जात नाहीत. पाठवणाऱ्याने आधी स्वतःकडे बघावे.' त्या पाटीवर आम्ही सगळे खूप हसलो आहोत.

अशा या माणसाचं एक पत्र मात्र दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रजिस्टर्ड जायचं, वर पोचपावतीसकट. ते खडकीला, त्यांच्या धाकट्या भावाला. कोथरूडहून खडकीला बस जाते, रिक्षा जाते, पण मामांचं पत्रच जायचं, कारण दोघांचं बोलणं बंद होतं. त्यांची आई गेली तेव्हा धाकटे मामा दारूगोळा कारखान्याच्या नोकरीत जबलपूरला होते. तार महाग पडते आणि तो वेळेवर पोचणार नाहीच, असा विचार करून मामांनी साधं पत्र टाकलं. ते पाचव्या दिवशी पोचलं. धाकटे मामा आले, दिवस होईपर्यंत राहिले आणि निघताना एकच वाक्य बोलले, "दादा, आईच्या वेळेला तू तिकीट वाचवलंस." त्यानंतर ते बदलून खडकीला आले, तिथेच निवृत्त झाले, पण दादाशी बोलले नाहीत. मामांनीही माफी मागितली नाही. त्यांनी रजिस्टर पत्रं सुरू केली.

पत्रात भावनेचं काही नसायचं. पेरूला किती फळं लागली, रक्ताच्या तपासणीत साखर किती आली, सोसायटीचं पाणी कधी जातं. उत्तर कधीच आलं नाही. यायची ती पोचपावती, त्यावर धाकट्या मामांची सही. मामा ती सही खिडकीशी नेऊन बघायचे. "ठणठणीत आहे," म्हणायचे. मग अलीकडे सही रेघ सोडून वर चढायला लागली, कधी चौकटीबाहेर जायला लागली. मामा नाराज व्हायचे. "कारखान्यात आयुष्य गेलं, आणि सही सरळ नाही. शिस्त राहिली नाही." मीही मान हलवायचो. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

मध्यंतरी रजिस्टर पत्र बंद होऊन स्पीड पोस्टात मिसळलं आणि दर चांगलाच चढला. नव्या दरात पन्नास ग्रॅमपर्यंत मुभा होती, पण मामांच्या हाताला बारीक अक्षराची सवय लागली होती. मामांनी मुभेचा फायदा घेतला नाही, उलट दोन महिन्यांचं मिळून एक पत्र करायला लागले. मला वाटतं, खडकीला तो पत्रांतला पहिला खाडा जाणवला असावा.

त्या शनिवारी मी मामांकडे चहाला बसलो होतो. बेल वाजली. पोस्टाच्या नव्या ताई दारात होत्या. "आजोबा, हे जुनं आंतर्देशीय आहे. तिकीट कमी पडलंय, दंड आहे. घ्यायचं का?" मामांनी चष्माही लावला नाही. बोटाने फक्त पाटी दाखवली. ताई म्हणाल्या, "बघून तरी घ्या, कुणाचं आहे ते." मामा म्हणाले, "पाटीवर सगळं लिहिलंय. आम्ही लिहिलेलं वाचायला शिका." ताई गेल्या आणि मी मोठ्याने हसलो. ते हसणं मला आजही टोचतं.

पुढची पोचपावती आली तेव्हा सहीच्या खाली, पत्त्यावर चढत गेलेल्या भल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'माझं पत्र परत आलं. समजलो.'

मामांनी ते कार्ड खिडकीशी नेऊन पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "मामा, स्कूटर खाली आहे. आत्ता जाऊ खडकीला." ते म्हणाले, "दारात उभं राहून काय सांगू? मी लिहितो." आणि त्यांनी लिहिलं. तीन दिवस लिहीत होते. पाटीचं, पत्राचं, आणि जे इतक्या वर्षांत लिहिलं नव्हतं ते तारेचंही. "माझं चुकलं" हे शब्द मी स्वतः बघितले, पानाच्या कडेला, मोहरीएवढे. पत्र गेलं, पोचपावती आली, सही वाकडी होती, खाली काही नव्हतं. मामा म्हणाले, "घेतलं ना? म्हणजे वाचेल. वेळ लागतो माणसाला." त्यांनी वाट बघितली. दोन महिन्यांनी खडकीहून धाकट्या मामांच्या सुनेचा मला फोन आला. ते झोपेतच गेले होते.

दिवस झाल्यावर तिने मामांच्या हातात ते परत गेलेलं आंतर्देशीय दिलं. चिकटवलेलं तसंच होतं. ती म्हणाली, "मोठे काका, हे त्यांनी जपून ठेवलं होतं. तुमची पत्रं मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणायचे, माझ्या भावाचं आहे, माझं मी बघतो. भिंग घेऊन बसायचे आणि मग तसंच घडी घालून ठेवायचे." मामांनी खिशातून फरकाची तिकिटं काढली, एकेक करून त्या पत्रावर लावली आणि मगच ते उघडलं. वाचून माझ्याकडे दिलं. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात पाचसहा ओळी होत्या :

'दादास, सा. न. दोन वर्षं झाली, तुझं अक्षर मला लागत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करूनही उपयोग झाला नाही. पत्र आलं की सही करतो, आत काय आहे ते कळत नाही. अक्षर मोठं काढ. जादा तिकीट लागेल ते मी देईन.'

त्यानंतर दर पुन्हा वाढले की नाही, मला माहीत नाही. मामा त्याबद्दल बोलत नाहीत. पत्रपेटीवर आता स्क्रूची चार भोकं तेवढी आहेत. आम्हाला हडपसरला मात्र त्यांची पत्रं येतात. एका पानावर चार ओळी, सुरुवातीला 'अनेक उत्तम आशीर्वाद' पूर्ण. गेल्या महिन्यात मी कोथरूडला गेलो होतो, तर मामा नेमके आम्हालाच लिहिलेलं पत्र टाकायला निघाले होते. म्हटलं, आता हातातच द्या. ऐकेनात. मीही बरोबर गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं आणि म्हणाल्या, "आजोबा, वजन फार भरतंय. जरा बारीक लिहिलंत तर निम्म्यात जाईल."

"राहू द्या," मामा म्हणाले. "वाचता आलं पाहिजे."