वेण्णा लेकवर मी कुणाचा हात धरला

आता हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे का? मुळीच नाही. पण ताडकळसातल्या निम्म्या बायकांना ते अर्धवट कळलेलंच आहे, तेव्हा उरलेलं माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी. गार झालेला चहा आणि अर्धवट ऐकलेली भुताची गोष्ट, दोन्ही बाधतात म्हणे.

हो, भुताचीच गोष्ट आहे. हसू नका.

आमचं लग्न झालं वैशाखात. आमच्याकडे नवं जोडपं आधी देवदर्शनाला जातं, आणि देवदर्शनाला सासू-सासरे सोबत असतात. आम्ही महाबळेश्वरला गेलो. चौघं. एका गाडीत, एका खोलीत आणि वेण्णा लेकवर एकाच नावेत. उन्हाळ्यातलं ते तळं म्हणजे आमच्या गावचा बाजारच! घोडे, कणसं, रडणारी पोरं, फोटो काढणारे. नावेत एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हे, आणि मधे सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. मी यांच्याकडे बघितलं की सासूबाई माझ्या हातावर शेंगा ठेवायच्या.

"खा पोरी. लय वाळलीस."

मी मुळातच कमी बोलणारी. त्यात हे माझ्याहून कमी. काहीही विचारा, उत्तर एकच. "हूं." सासरे, म्हणजे आमचे दादा, तेही तसेच. त्या घराण्यात बायकोला "हूं"च्या पुढे उत्तर द्यायची रीत नसावी.

मला यांना एवढंच सांगायचं होतं, की पुढच्या वेळी आपण दोघंच येऊ. बस्स! एवढंसं वाक्य. पण ते बोलायला त्या घरात जागाच सापडेना. स्वयंपाकघरात सासूबाई, ओसरीवर दादा, गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीपाशी पुन्हा सासूबाई.

श्रावणात सासूबाईंनी जाहीर केलं, "सोमवारी महाबळेश्वराला अभिषेक करायचाय. नवस बोलले होते मी."

झालं. पुन्हा चौघं.

बापलेकांना परभणीच्या एकाच दुकानातून, एकाच मापाचे दोन राखाडी रेनकोट घेतले. डोक्यावर टोपी, हनुवटीपर्यंत बटणं. घालून बघितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता दोघायला मीबी वळखणार न्हाई." सगळे हसले. मीही हसले. बघा, माणूस कुठे कुठे हसतो!

घाट चढलो आणि जग पुसलं गेलं. खरं सांगते. वैशाखात बघितलेलं गाव तिथे नव्हतंच. घरांना, दुकानांना पावसापासून वाचवायला वरून खालपर्यंत वाळलेल्या गवताची झापं बांधली होती. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. केसाळ अंगाची कुणी जनावरं पाठमोरी बसावीत तशी घरं. भरदुपारी गाड्यांचे दिवे लागलेले. माणूस चार पावलं पुढे गेला की आधी त्याचे पाय जायचे, मग पाठ, आणि टोपी तेवढी थोडा वेळ तरंगत राहायची.

अभिषेक करून तळ्यावर आलो. तळं कुठलं? पांढरं काहीतरी होतं आणि त्याच्या आत पाणी पडल्याचा घुमणारा आवाज. नावा पालथ्या घातलेल्या. एकच चहाची टपरी उघडी. दादांनी कानातलं मशीन भिजेल म्हणून काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुमी जा. मी गाडीतच बसतो."

सासूबाई टपरीत शेकोटीपाशी बसल्या. हे चहा सांगायला उभे राहिले. मी आपली पाण्याकडे चालू लागले, तर टपरीवाला ओरडला, "ताई, त्या पायऱ्यांकडं नका जाऊ! पावसाळ्यात तिकडं कुणीच जात नाही."

का, ते त्यानं सांगितलं नाही. शेवाळ असतं म्हणून, हे मला फार नंतर कळलं.

दहा पावलं गेले असेन. मागे वळून बघितलं तर टपरी नाही. शेकोटी नाही. काहीच नाही. मी हाक मारली, "अहो!"

आता तुम्ही म्हणाल, नावानं हाक मारायची. कशी मारणार? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. तेव्हा आपलं "अहो". धुक्यात "अहो" कुणाला लागेल त्याला लागतं हो!

"अहो! कुठे आहात?"

पायऱ्यांपाशी राखाडी रेनकोट उभा होता. पाठमोरा. पाण्याकडे बघत. माझा जीव भांड्यात पडला. मी जवळ जाऊन सरळ हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच, उघड्यावर. हात बर्फासारखा गार. थोडा खरखरीतही वाटला, पण म्हटलं गारठ्यानं झाला असेल.

आणि मला एकदम कळलं, की बोलायचं तर आत्ताच! धुकं आहे, तोंड दिसत नाही, सासूबाई दिसत नाहीत. पाण्याच्या आवाजात काही ऐकू जाईना, म्हणून टाचा उंचावून त्या टोपीपाशी तोंड नेलं आणि मनात साठवलेलं सगळं ओरडून टाकलं. शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी आपण दोघंच येऊ. दुसरं कुणी नको. याल ना?"

त्या हातानं माझा हात हळूच दाबला.

"हूं."

मी सुखावले! आणि तेवढ्यात मागून, पार दुसऱ्या बाजूनं, आमच्या यांचा आवाज आला, "अगं ए! कुठं हायस? चहा थंड व्हायलाय!"

मी हातात धरलेल्या हाताकडे बघितलं. मग खाली पाय बघायला गेले. भुताचे पाय उलटे असतात ना! पण गुडघ्यांखाली नुसतं धुकं. पायच नव्हते.

हात सोडला आणि आवाजाच्या दिशेनं पळत सुटले. टपरीत पोचले ती थेट सासूबाईंच्या मांडीत.

"काय झालं गं? कामून थरथरायलीस?"

"हात... पायऱ्यांवर... कुणीतरी हात धरला."

कुणी कुणाचा धरला, हे मी जरा फिरवून सांगितलं. मी काय बोलले, ते तर अजिबातच सांगितलं नाही. गाडीपाशी आलो तेव्हा दादा आत बसले होते, रेनकोटची बटणं काढत. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं आणि सुनेनं सासऱ्याला भुताचं सांगायची पद्धत नव्हती.

गावी आल्यावर ताप भरला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाजारच्या दिवशी शेजारणी आल्या. त्यांच्या तोंडी त्या हाताला आधी लांब नखं फुटली, मग केस, पोळ्यापर्यंत सहावं बोटही आलं. पेडगावहून आईनं दर्ग्यातला ताईत पाठवला. मी सगळं मुकाट बांधून घेतलं. कारण खरी भीती फक्त मलाच ठाऊक होती. भुतानं मला धरलं नव्हतं. मीच भुताला पुढच्या वेळचं आमंत्रण देऊन आले होते, आणि ते "हूं" म्हणालं होतं!

आता पुढचं ऐका. थंडी पडली. एके सकाळी हे मला म्हणाले, चक्क पूर्ण वाक्यात, "महाबळेश्वरला खोली घेतलीय. आपण दोघंच जाऊ."

ज्या वाक्यासाठी मी सात महिने झुरले, ते माझा नवरा आपणहून बोलला. आणि मी काय म्हणावं?

"नको! दोघं नको! मी त्या तळ्यावर पाय ठेवणार नाही!"

यांचं तोंड इतकंसं झालं. "बरं," म्हणाले आणि पूर्ण्याला नोकरीवर निघून गेले. मी चुलीपाशी बसून रडले. सांगणार काय? तिथे तुमच्याआधी मी दुसऱ्याला बोलावून ठेवलंय म्हणून?

संध्याकाळी हे परतल्यावर, जेवताना, दादांनी यांच्याकडे बघून घसा खाकरला. कानात मशीन होतं.

"खोली वाया कामून घालवता? आमी जातो. मी अन् तुही माय."

सासूबाईंचा घास हातातच. "आमी? दोघंच?"

"मंग! तूच म्हणलीस न्हाई का, तळ्यापाशी? गाडीत बसून पाय आखडले म्हून मी खाली उतरलो होतो. तू आलीस, हात धरलास. पुढच्या बारीला दोघंच येऊ म्हणलीस. तीस वरसात पहिल्यांदा इतकं ग्वाड बोललीस, मी हूं म्हणलं."

माझ्या हातातली वरणाची पळी सरळ परातीत पडली.

सासूबाईंनी दादांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्हणले असंन. लक्षात न्हाई."

गेले दोघं. घर मोकळं मिळालं म्हणाल, तर हे रुसून बोलेनात आणि म्हैस सासूबाईंशिवाय पान्हा सोडेना. तिसऱ्या दिवशी शेण काढत होते, तर सासूबाईंचा फोन.

"अगं, लय झ्याक दिसायलंय तळं! लख्ख ऊन पडलंय. हे बघ, ते तुझं भूत माझ्याशेजारी उभं हाय, कणीस खायलंय. हात धर म्हणतंय, अन् पावसाळ्यातल्यावानी बोल म्हणतंय. तवा तू काय काय बोललीस, तेवढं सांग बरं. म्हंजी मला पुढचं बोलता येईल."

काय करणार? गोठ्यात उभी राहून, इकडेतिकडे बघत, मी एकेक वाक्य सांगत गेले आणि तिकडे सासूबाई ते दादांना ऐकवत गेल्या. सगळं सांगितलं. फक्त "तुमची आई एक मिनिट पाठ सोडत नाही हो" एवढं मधलं वाक्य गाळलं.

तर दादा फोनमधून म्हणाले, "मदी काहीतरी ऱ्हायलं वाटतं."