मिस्टरांना घेऊन या

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी हाताची थरथर थांबेल. पिणं थांबवायचं असेल तर जे प्यायचे आणि आता पीत नाहीत, अशा माणसांत जाऊन बसा. पुण्यात असे गट आहेत." कुठे आहेत, ते मात्र त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

मी तेव्हा हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होते. अमेरिकेची कामं, चांगला पगार, शुक्रवारच्या पार्ट्या. पार्टीतली बाटली माझ्या कपाटात कधी आली, ते आईला माझ्याआधी कळलं. आई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, दर रविवारी विहारात जाणारी. पंचशील म्हणताना मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की हल्ली तिचा आवाज बारीक व्हायचा. त्या विषयावर ती माझ्याशी बोलत नसे. कपाट मात्र रोज आवरायची.

घरी कॉम्प्युटर नव्हता आणि ऑफिसात असलं काही शोधायची हिंमत नव्हती. म्हणून बिबवेवाडीतल्या सायबर कॅफेत गेले. शेजारी एक कुटुंब मोठ्याने चर्चा करत पत्रिका जुळवत होतं. मी हाताने स्क्रीन झाकून शोधत राहिले. अमेरिकेतल्या गावोगावचे पत्ते मिळाले. पुण्याचा जेमतेम एक फोन नंबर सापडला.

फोन एका गृहस्थांनी उचलला. आवाज प्रेमळ होता.

"अगदी योग्य ठिकाणी फोन केलात, ताई. मिस्टर किती वर्षं घेतात?"

"मिस्टर नाहीत. मला यायचंय."

"हो, तुम्हीही या की. पण आधी मिस्टरांना घेऊन या. ते तयार आहेत ना?"

"अहो, माझं लग्न झालेलं नाही."

"मग वडील का?"

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांनी आयुष्यात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. मी फक्त पत्ता मागितला. मार्केट यार्डाजवळची एक शाळा, शनिवारी संध्याकाळी.

शनिवारी गेले तर शाळेला कुलूप. वॉचमन खुर्चीतून उठलाही नाही.

"इथे ती सभा असते ना... व्यसनाची?" मी आवाज उतरवून विचारलं.

"दारुड्यांची होय?" त्याने तो चढवला. "ती हलवली. टाळ्या फार वाजवायचे."

"कुठे हलवली?"

"मला काय माहीत? मी पीत नाही."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन प्यायले आणि सगळा दोष मनातल्या मनात त्या वॉचमनला देऊन टाकला. दोन दिवस चिडचिड करून पुन्हा फोन लावला. "अरेच्चा, सांगायचं राहिलंच," तेच गृहस्थ म्हणाले आणि नवा पत्ता दिला. फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, "मिस्टरांना वेळेवर आणा हं."

पुढच्या शनिवारी मी निघाले तेव्हा आई चपला घालून दारात उभी होती. "मी येते," एवढंच म्हणाली. आम्ही रिक्षा केली.

जागा एका छोट्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या तोंडाशी स्वागताला उभ्या असलेल्या काकांनी मला ओलांडून आईला नमस्कार केला.

"या, या. मुलाला आणलंत का?"

"मला मुलगा नाही," आई म्हणाली. "ही माझी मुलगी. दारू हिला सुटत नाहीये. आत घेणार आहात, की जिन्यातच उभं करणार?"

'दारू' हा शब्द तिने माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला होता. मला रडू यायला हवं होतं. पण मला राग आला, तिला हे जिन्यात उभं राहून सांगावं लागलं याचा.

आई बाहेरच्या पायरीवर बसली. आत सगळे पुरुष. एक जण बोलत होता, तो मला बघून वाक्याच्या मध्येच थांबला. "ताई आल्यात, जरा जपून बोला," कोणीतरी म्हणालं. खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "बाईमाणसासमोर मोकळं बोलता येत नाही. घरच्यांची सभा बुधवारी असते, यांना तिकडे पाठवा."

मी ऐकायला आले होते, बोलायला नव्हे. पण उठलेच.

"माझी घरची बाहेर जिन्यात बसली आहे. पिणारी मी आहे. पहिल्या फोनपासून हेच सांगतेय आणि कोणी ऐकून घेत नाही. ऑफिसात मी पाण्याच्या बाटलीत दारू नेते. आता यापेक्षा मोकळं काय बोलायचंय ते खुशाल बोला."

मी खाली बसले. मग मघाशी थांबलेला माणूस म्हणाला, "मीपण पाण्याच्याच बाटलीत न्यायचो, ताई. रिक्षाच्या सीटखाली." आणि त्याने आपलं वाक्य शिवीसकट पुरं केलं.

परत येताना आई म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार नाही. जिन्यात डास फार आहेत. तुझी तू जा."

मी गेले. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. खिडकीजवळचे गृहस्थ कित्येक महिने मी आले की खुर्ची फिरवून बसायचे. चहा मीच करावा असं दर वेळी कोणाला तरी सुचायचं आणि दर वेळी मी नाही म्हणायचे. दुसरी बाई यायला फार काळ गेला. मध्ये एकदा घसरलेही. तेव्हा तिथे जाऊन ते सांगणं सगळ्यात जड गेलं. कित्येक शनिवारी मी तिथून वैतागून निघाले आहे, पण वैतागून सरळ घरी आले. आई दार उघडायची, जेवायला वाढायची आणि काय काय झालं ते विचारायची. मी कुरकुर करत सगळं सांगायचे. असं करता करता दारू सुटली.