“आतलं सगळं जाईल, चालेल?”

दुरुस्त झालेला पेनड्राइव्ह गिऱ्हाईक घेऊन जातं. त्याच्यासोबत आलेली हकीकत मात्र दुकानातच राहते. धाराशिवच्या आमच्या दुकानात आता ड्राइव्हपेक्षा हकीकतीच जास्त साठल्या आहेत! माणसं दोनच : इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलेली मी, आणि पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे बशीरचाचा.

पेनड्राइव्हच्या कंट्रोलर चिपमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बिघडला की ड्राइव्ह मुका होतो. चिपचा नंबर ओळखून आम्ही नेमकं जुळणारं फर्मवेअर पुन्हा भरतो. त्यात आतला मजकूर कायमचा पुसला जातो. म्हणून स्टार्टचं बटण दाबण्याआधी माझा ठरलेला प्रश्न : “आतलं सगळं जाईल. चालेल?”

तुळजापूरच्या एका कारकुनांना मी तो दोनदा विचारला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हणाले, “नक्की परत येणार न्हाय ना, मॅडम? तसं लिहूनच द्या!”

*

येरमाळ्याच्या एका जीपवाल्यानं जत्रेत पाचशेबारा जीबीचा ड्राइव्ह घेतला होता. ठरावीक गाण्यांच्या पुढं तो गप्पच. मी तपासलं. खरी जागा आठ जीबी!

“वर पाचशेबारा लिहिलंय की वो, मॅडम!”

चाचा मान वर न करता म्हणाले, “जीपवर विमान लिहिलं तर उडंल का रे?”

मी तो आठचाच करून दिला आणि वर कागद चिकटवला : ‘आठ’. आठवड्यानं गडी तीन मित्रांना घेऊन हजर. “ह्यांचं पण खरं काय ते सांगा!”

*

माझीही एक चूक सांगायलाच हवी. फर्मवेअर भरणारं आमचं टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, संगणकाला लावलेले, एकाच जातीच्या चिपचे सगळे ड्राइव्ह एकदम पुसतं. एकदा शेजारच्या पोर्टमध्ये माझाच ड्राइव्ह राहिला. चार वर्षं जमवलेली फर्मवेअर्स त्यात होती. स्टार्ट दाबलं आणि मग पाहिलं!

चाचांनी दोन्ही ड्राइव्ह तपासले आणि गंभीरपणे सांगितलं, “मॅडम, दोन्ही एक नंबर दुरुस्त झाले.”

तेव्हापासून आमचे सगळे ड्राइव्ह आधी स्टीलच्या डब्यात जातात. चाचा विचारतात, “डबा बंद?” मी “बंद” म्हटल्याशिवाय बटणाला हात लागत नाही.

*

येडशीचे एक निवृत्त गुरुजी मात्र त्या टूलच्या पलीकडचं काम घेऊन आले. रामलिंगच्या रानात नवरंग पक्ष्याची शीळ ऐकल्याची त्यांची नोंद होती. पक्षीमित्र हसत, “गुरुजी, कुकरची शिट्टी असंल!” तरी त्यांच्या शब्दावर नवरंगाचं नाव घातलेली त्या मंडळींची पक्ष्यांची यादी दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होती. पुरावा म्हणून एकच रेकॉर्डिंग, आणि तेही ह्या मेलेल्या ड्राइव्हमध्ये.

सवयीनं मी विचारलं, “आतलं सगळं जाईल. चालेल?”

“मग दुरुस्त कशाला करायचा?”

टूल बाजूला ठेवून मी भिंगाखाली एकेक जोड तपासत गेले. चिपला ठेका देणाऱ्या क्रिस्टलच्या पायाशी केसाएवढी चीर होती. चाचांचा हात चहाचा कप धरताना थरथरतो. सोल्डरिंग आयर्न धरताना नाही. एक टाका, आणि दिवा लागला! आधी सगळ्याची नक्कलप्रत काढली, मगच रेकॉर्डिंग लावलं.

स्वच्छ, दोन सुरांची शीळ.

“माशाल्लाह!” चाचा म्हणाले. माझीही मान ताठ झाली, हे मान्य करते.

गुरुजींनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. पुन्हा शीळ. पाठोपाठ, त्याच फांदीवरून आल्यासारखा, एक कर्कश खरखरीत आवाज. पुन्हा शीळ. त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग खिशातून वही काढली आणि एक ओळ सावकाश खोडली.

“कोतवाल पक्षी हाय, मॅडम. बेणं नवरंगाची नक्कल करतंय! फोन द्या जरा, छापायच्या आत यादीतनं नवरंगाचं नाव काढाय सांगतो.”