काकांची हरकत

“दार लाव गं, चौकशी अधिकारी येतायत!” तळमजल्यावरच्या काकू आत सुनेला म्हणाल्या, आणि जिन्यात उभ्या असलेल्या मला हसू आलं. अधिकारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. भाजीची पिशवी दिसली की ते माणसाला अडवायचे आणि वांगं कुठल्या वाणाचं, हे विचारायचे. ताटातल्या अन्नाशी इतकी ओळख ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोणी काळभोरच्या पुढे एका सरकारी बीजप्रक्षेत्रावर त्यांची सगळी नोकरी गेली. उभ्या ज्वारीतून फिरायचं, चांगल्या कणसाला लाल दोरा बांधायचा आणि ते बियाण्यासाठी राखायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मुलीनं त्यांना कोथरूडला आणलं, पण नजर शेतातच राहिली. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला विचारलं, “ही तूर कुठली हाय?” तो म्हणाला, “कुकरमधली.” काका नुसता मठ्ठा पिऊन घरी आले. मी कुंडीसाठी टोमॅटोच्या संकरित बियांचं पाकीट आणलं, तर म्हणाले, “दरवर्षी नवं घ्यायचं? मग हे बी न्हाई, भाडं हाय.” काका जाऊन आता तीन वर्षं झाली, पण पाकीट फोडताना माझा हात अजून थांबतो.

तेव्हा मी हिंजवडीला नोकरीला होते आणि दिवसभर परदेशी क्लायंटना नम्र ईमेल लिहायचे. एका रविवारी काका वर्तमानपत्र घेऊन आले. बियाण्यांच्या नव्या धोरणाचा मसुदा परदेशी सल्लागारांनी तयार केला होता; सरकारी समितीनं त्यावर हरकती ईमेलनं मागवल्या होत्या, त्याही इंग्रजीत. “तू इंग्रजी शाळेतली. लिही,” म्हणाले आणि उभ्यानंच सांगू लागले, “शेतकऱ्यानं घरचं बी राखायचं का न्हाई, हे तुम्ही कोण ठरवणार? कणीस कधी हातात धरलंय का? हा मसुदा फाडून टाका.” ‘फाडून टाका’ हे शब्द टाइप करायची मला भीती वाटली. मी आधी मसुद्याचं स्वागत केलं, समितीचे आभार मानले आणि घरच्या बियाण्याचा विचार व्हावा, अशी एक सूचना शेवटी जोडली. शाळेत पत्र असंच शिकवलं होतं. “सही कुठं करू?” काकांनी विचारलं. खाली त्यांचं नाव टाइप करत मी म्हटलं, लागत नाही.

काही महिन्यांनी समितीचा अहवाल आला आणि त्यात काकांचं नाव होतं. ते पेढे घेऊन घरोघर फिरले. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांना पहिल्यांदाच खुर्ची दिली आणि मला हाक मारून बोलावलं. जावयानं नाव तेवढं बघून छापून दिलेला कागद काकांनी माझ्या हातात ठेवला. “मोठ्यानं वाच. आपलं म्हणणं पार वरपर्यंत पोचलं.”

त्यांचं नाव मसुद्याला पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीत होतं. घरच्या बियाण्याबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं.

“वाच की गं, एवढी शिकलीस!” काकू म्हणाल्या. मी काहीही वाचून दाखवलं असतं तरी काकांनी खरं मानलं असतं. ते हाताची घडी घालून, मान किंचित पुढे करून ऐकायला बसले होते. चार माणसांत माझा आवाज कधीच फुटत नाही. मी कागद खाली ठेवला.

“काका, तुमची हरकत मी लिहिलीच नव्हती.”