भुवईवरची खोक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला मी बाई म्हणायचो. माय गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो आणि बाई स्वतःच लहान होती. तिनं मला कडेवर वाढवलं. लग्न होऊन वडनेरहून आर्वीला गेली तेव्हा मलाही सोबत नेलं. तिच्या घरात राहून मी शाळा केली, मग वर्ध्याला कॉलेज केलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. भाटव्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कधी एका शब्दानं विचारलं नाही, की हा आणखी किती दिवस राहणार. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी बाईवर फार चिडलो होतो.

माझ्या डाव्या भुवईवर एक खोक आहे. मला कडेवर घेऊन बाई विहिरीच्या पायऱ्या उतरत होती, तेव्हा तिचा पाय घसरला. तिला खरचटलंही नाही, मला टाके पडले. वडनेरातल्या बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या, "पोरीनं पोराचं तोंड बिघडवलं." म्हणून असेल, ती माझे केस तेल लावून डाव्या कपाळावर चापून बसवायची. परगावी जायचं असलं की हमखास. मला त्याची इतकी सवय झाली, की कॉलेजातही मी तसाच भांग पाडायचो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आर्वीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. कापसावरच्या किडींचा अभ्यास करायला विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मला मिळाली. महिनाअखेरपर्यंत पासपोर्टचा नंबर कळवावा, नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल, असं शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या ओळखीत पासपोर्ट कोणी पाहिलाही नव्हता. मी अर्ज भरला. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात 'डाव्या भुवईवर जखमेचा व्रण' असं लिहिलं. राहिले फोटो. मला वाटलं, फोटोचं काय, ते एका दुपारचं काम.

गावात फोटोवाला एकच. त्याच्या खोलीच्या छपरात काचा बसवलेल्या होत्या. ऊन असेल तर फोटो, नसेल तर घरी जा. खुंटीवर एक काळा कोट होता. आर्वीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर तोच कोट आहे, आतला माणूस तेवढा वेगळा. मी गेलो त्या दिवशी त्यानं मला काही बोलूच दिलं नाही. कोट चढवला, बागेच्या रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीत बसवलं, शेजारी फुलदाणी ठेवली आणि हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

तो फोटो घेऊन मी तहसील कचेरीत गेलो. फोटोच्या मागे तहसीलदारांची सही लागायची. कारकुनानं फोटो लांब धरून पाहिला.

"मास्तर, पासपोर्ट काढून राह्यले का सोयरीक?"

बाजूचे दोघं हसले. फोटो समोरून हवा, डोकं उघडं हवं, मागे काही चित्र नको, हे अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. मी शिकवायला जाताना चार पुस्तकं वाचून जाणारा माणूस, पण ते वाचलं नव्हतं. बाईला मात्र तो फोटो फार आवडला. तिनं तो चौकट करून भिंतीवर लावला.

दुसऱ्या वेळी बाई स्वतः सोबत आली, कंगवा घेऊन. तीन दिवस आभाळ गच्च होतं, आम्ही नुसते जाऊन परत येत होतो. चौथ्या दिवशी ऊन पडलं. पडद्यावर पांढरं धोतर टांगलं, बाईनं माझे केस बसवले, फोटो झाला. मी निघालो तरी ती फोटोवाल्याशी काही बोलत मागे राहिली. मला वाटलं, पैशांवरून घासाघीस चालली असेल.

मग तहसीलदार दौऱ्यावर गेले. रोज शाळा सुटली की मी कचेरीत जायचो आणि कारकून मला पाहूनच मान हलवायचा. शेवटी सही झाली, अर्ज टपालानं गेला आणि थोड्या दिवसांनी जसाच्या तसा परत आला. सोबत एक ओळ होती: अर्जात लिहिलेली खूण छायाचित्रात दिसत नाही.

मी भिंग घेऊन फोटो पाहिला. खरंच, केसांच्या खालून भुवई स्वच्छ दिसत होती. अशी भुवई माझी कधीच नव्हती. तसाच फोटोवाल्याकडे गेलो.

"खोक कुठं गेली?"

"मीच खोडली ना," तो अभिमानानं म्हणाला. "फोटोच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवा लागते. देवीच्या वणाच्या किती पोरी माह्या पेन्सिलीनं उजवल्या, मालूम हाय?"

"तुमाले कोणी सांगतलं खोडाले?"

"तुमच्या बहिणीनं. मले वाटलं, तुमाले ठाव असन."

घरी बाई तुरीची डाळ निवडत होती. मी कागद तिच्यापुढे टाकला.

"बाई, तू त्याले खोक झाकाले काऊन सांगतलं?"

"काऊन म्हंजे? तिकडचे साहेब लोक पाहतीन, तं म्हणतीन याले कोणी नीट वागवलं नाई."

"अवं, तीच तं माही ओळख हाय! कागदावर तेच लिवलं हाय. आता मी काई जात नाई. झालं तुह्या मनासारखं!"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"येवढा शिकला तू बापू, अन् लिवाले तुले माहीच चूक भेटली?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जागा जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्याहून जास्त राग कशाचा आला होता ते सांगता येत नाही. इतकी वर्षं ती माझ्या कपाळाकडे पाहून काय पाहत होती, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

सकाळी उठलो तर बाई लुगडं बदलून तयार. "ऊन हाय. चाल."

फोटोवाल्याच्या खोलीत तिनं कंगवा ओला केला आणि माझे सगळे केस मागे नेले. तेल नाही, काही नाही. मग थोडी मागे सरकून तिनं माझं कपाळ पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

"बाई, आता पेन्सिल लावू का नोको?" फोटोवाल्यानं भीत भीत विचारलं.

"हात लावून तं पाहा!"

या वेळी मी टपालावर विश्वास ठेवला नाही. सही झाल्याबरोबर अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं पुलगाव गाठलं आणि पुढे पासपोर्टच्या कचेरीत जाऊन अर्ज स्वतः दिला. नंबर मिळाला तो महिन्याच्या अगदी काठावर; तो मी तारेनं कळवला.

विलायतेला पोचल्यावर बाईला पहिलं पत्र लिहिलं. ते भाटवे वाचून दाखवणार, म्हणून सोपं लिहिलं होतं. भाटव्यांनी ते जपून ठेवलं, म्हणून इथे देता येतं.

"ती. बाईस साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. बोटीतून उतरल्यावर मोठी रांग होती. टेबलामागच्या साहेबानं पासपोर्टातला फोटो पाहिला, मग मला केस वर करायला सांगितले. वाऱ्यानं ते कपाळावर आले होते. मी वर केले. त्यानं खोक पाहिली आणि शिक्का मारला. मला कोणी नीट वागवलं की नाही, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होतो.

सोबत उरलेला एक फोटो पाठवतो. भिंतीवरचा फुलदाणीवाला काढ आणि हा लाव. बाया काही म्हणाल्या तर म्हणू दे. भांग मी आता मागेच वळवतो. इथं आपल्यासारखं तेलही मिळत नाही. भाटव्यांना नमस्कार सांग.

तुझा बापू."