सतरा मिनिटांचे साक्षीदार

दत्तात्रय काळभोर सरांशी माझी ओळख एका आक्षेपातून झाली. केंद्रीय तपास यंत्रणेच्या पुणे शाखेत मी इलेक्ट्रॉनिक पुरावे तपासते. सर आमच्याच शाखेचे तपास अधिकारी; तेव्हा निवृत्त होऊन लोणी काळभोरला शेती पाहत होते. त्यांच्या जुन्या पंचनाम्यात एक नोंद होती: पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे घड्याळ सतरा मिनिटे मागे. मी फोन करून विचारले, आपले मनगटी घड्याळ बरोबर होते याला आधार काय?

"रोज रेडिओच्या बातम्यांना लावायचो. आधार हाय तो एवढाच," सर म्हणाले. "पण विचारलंत, बरं केलंत."

प्रकरण एका मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूचे. आरोप पोलिसांवरच, म्हणून न्यायालयाने तपास आमच्याकडे दिला. प्रकरण केंद्राकडे गेले की घरच्यांना अर्धा न्याय मिळाल्यासारखे वाटते. उरलेला अर्धा मी अजून पाहिलेला नाही. ठाण्याच्या डायरीप्रमाणे मुलाला सोडून दिले होते. कॅमेऱ्याच्या वेळेत ती सतरा मिनिटे मिळवली, तर सुटकेच्या वेळेनंतरही तो कोठडीतच दिसतो. मूळ यंत्र आता चालू होत नाही. दोन्ही पंच वारले. ती नोंद सिद्ध करू शकणारे एकटे सर उरले आहेत.

प्रत्येक तारखेला सर बसने येतात. कधी न्यायाधीशांची बदली झालेली असते, कधी बचावाचे वकील आजारी. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्यांना पंचनाम्यातला तपशील आठवून देऊ लागले.

"थांबा मॅडम. मला आठवतं तेवढंच माझं. तुमचं सांगितलेलं माझ्या तोंडून नको."

तेव्हापासून आम्ही कांद्याविषयी बोलतो.

पुढची तारीख पडली की सर मार्केट यार्डात जातात. मुलाची आई तिथे बारदाने शिवते. सगळे तिला आपा म्हणतात. समन्स शिपायाने द्यावे, पण तारीख माणसाने जाऊन सांगावी, असे सरांचे मत आहे. चहा मात्र घेत नाहीत, कारण साक्ष बाकी आहे. गेल्या वेळी मी सोबत होते. आपांनी तारीख ऐकली, सरांच्या शुगरची चौकशी केली आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "साहेब, तारीख सांगायला तुम्ही येता. निकाल सांगायला कोण येणार?"



आता सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. निकाल लवकर लागेल असे मला वाटत नाही. तसा कोणताही आधार माझ्यासमोर नाही. तरीही सरांना आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी आणि स्मरण शाबूत राहोत. तेवढेच आयुष्य आपांनाही लाभो. निकाल सांगायला सर असतील, तर ऐकायला त्या असाव्यात.